मंगळवारचा शब्बात

"एका महिन्यात त्या वर्गाची कोकरं करून दाखवतो, कोकरं! नाही केली तर किहीमकर नाव लावणार नाही!"

बिन्यामिन मास्तरांनी असं जाहीर केलं तेव्हा त्यांच्या हातात भाताचा घास होता. तो त्यांनी डिमोनाच्या दिशेने उंचावला. म्हणजे खिडकीच्या दिशेने, कारण खिडकीबाहेर सगळं डिमोनाच होतं.

"मग काय लावाल?" डिनाबाईंनी सार वाढता वाढता विचारलं. "मोरे?"

हा टोला जुना होता. हिब्रूत मास्तरला 'मोरे' म्हणतात. मुंबईहून इस्राएलला येऊन मास्तर पहिल्यांदा वर्गावर गेले, तेव्हा मुलं ओरडायला लागली, "मोरे! मोरे!" मास्तर हात जोडून म्हणाले, "मी मोरे नव्हे बाळांनो, मी किहीमकर. अलिबागजवळचे आम्ही." मुलं पुन्हा "मोरे!" मास्तर पुन्हा "किहीमकर!" असा तो तास गेला. संध्याकाळी कोणीतरी अर्थ सांगितला, तेव्हा मास्तरांना जेवण गेलं नाही आणि डिनाबाईंना वर्षभर पुरेल एवढं हसू मिळालं.

पण या खेपेला हसण्याची वेळ नव्हती. मास्तर शाळेत टेंपररी होते. तिसरं वर्ष चालू होतं, आणि मुख्याध्यापक गर्शोनसाहेबांनी बजावलं होतं, "बिन्यामिन, चौथीचा वर्ग ताब्यात आण. आणलास तर पर्मनंट. नाही तर पुढच्या वर्षी दुसरीकडे बघ." डिमोनात दुसरीकडे म्हणजे कापडाची गिरणी. मास्तरांच्या आधीचे गणिताचे मास्तर तिथेच गेले होते. रस्त्यात भेटले की सांगत, "गिरणीत आवाज फार असतो, पण चौथीपेक्षा कमी." डिनाबाईंनी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलून ठेवला होता. नोकरी पक्की झाली की पोहे, खोबरं, साखर घालून ताटभर मलिदा!

चौथीचा वर्ग म्हणजे काय चीज होती ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. खडूच्या डबीत जिवंत सरडा. मास्तरांच्या खुर्चीला तीनच पाय. चौथा पाय मुलं पाळीपाळीने घरी नेत. एरन नावाचा एक मुलगा दाराने येई आणि खिडकीने जाई, मग ती उघडी असो वा बंद. आणि या सगळ्यांची म्होरकी ओस्नात. ही आपल्यातलीच, मराठी बोलणाऱ्या यहुद्यांतली. मास्तरांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मलकाबाईंची मुलगी. घरात मराठी, बाहेर हिब्रू आणि दोन्हींत उलट उत्तर! आई मराठीत ओरडली की ही हिब्रूत जबाब देई, म्हणून निम्मे जबाब मलकाबाईंना कळतच नसत, आणि त्यामुळेच त्या घरात थोडीफार शांतता होती.

मुंबईला मास्तरांकडे एक पट्टी होती. तिला वर्गात सगळे ओळखत. इथे पट्टी फक्त रेघा मारायला. मारायचं नाही, कान धरायचा नाही, कोंबडा करायचा नाही. आणि आता तर तेल अविवहून आठवड्यातून एकदा नुरीतबाई येऊ लागल्या होत्या. वय पंचविशीच्या आत-बाहेर, पायांत चपला, खांद्यावर झोळी. त्या मुलांची मनं सांभाळायला नेमलेल्या होत्या. त्यांनी सगळ्या मास्तरांना गोल बसवून सांगितलं होतं, "ओरडणं बंद! मूल चुकलं तर तिकडे बघू नका. बरोबर वागलं की त्याच क्षणी, त्याच जागी, मोठ्याने कौतुक करा. मनापासून करा. आणि एखादं मूल अस्वस्थ होऊन वर्गाबाहेर निघालं तर अडवू नका, विचारू नका. त्याला मोकळी हवा हवी असते. ते आपलं आपण परत येईल."

"हात्तिच्या!" मास्तर मनात म्हणाले. "एवढंच? हे तर आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पाठ थोपटायची आणि म्हणायचं, शाबास!"

म्हणूनच ती कोकरांची प्रतिज्ञा.

"अहो, पण मुलांना शाबास कळायला नको?" डिनाबाईंनी शंका काढली. "त्यांच्या भाषेत म्हणा की. कोल हाकावोद म्हणतात ना?"

"त्याचा अर्थ ठाऊक आहे का तुला? 'सगळा मान'! सात आठे छप्पन्न आल्याबद्दल सगळा मान देऊन बसलो, तर पोराला एकोणिसाचा पाढा आल्यावर काय देऊ? घरदार? आणि ते माझ्या घशातून येतं. शाबासकी पोटातून यायला पाहिजे. नुरीतबाई म्हणाल्या, मनापासून करा!"

डिनाबाईंनी आणखी एक डाव सार वाढलं. नवरा पोटातून बोलायला लागला की त्या वाढायला लागत.

इथे गर्शोनसाहेबांची एक सवय सांगायला हवी. ते मूळचे पोलंडचे. देवाशी त्यांचं फारसं बोलणं नव्हतं, पण जिभेवर लहानपण राहिलं होतं. शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाला, म्हणजे शब्बातला, ते आपल्या आजीसारखं 'शाबेस' म्हणत. शाळेची घंटा कधी वाजे, कधी नुसतीच हले. त्यामुळे दर शुक्रवारी आठवडा संपला की साहेब व्हरांड्यात उभे राहून छाती भरून ओरडत, "शाऽऽबेस!" झालं! दप्तरं काखोटीला आणि मिनिटभरात शाळा रिकामी. सगळ्या मुलांना तो शब्द पाठ होता. शाबेस म्हणजे शब्बात. शब्बात म्हणजे लिहिणं बंद, वाचणं बंद, चला घरी.

आमच्या मास्तरांनी तो शुक्रवारचा पुकार कधी ऐकलाच नव्हता. शुक्रवारी त्यांना तास नसे. त्या दिवशी ते बाजारात मासळी शोधत हिंडत.

रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शेवटचा तास गणिताचा. मास्तरांनी फळ्यावर भागाकार घातला. वर्गात नेहमीची रणधुमाळी. एरन मात्र त्या दिवशी खिडकीला खिळे मारलेले असल्यामुळे रिकामा होता. करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्याने भागाकार केला, आणि तो चक्क बरोबर आला!

मास्तर धावले. त्याच क्षणी, त्याच जागी! त्यांनी एरनच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या नाकावरची खडूची भुकटी उडाली. "शाबास!" मास्तर गरजले. "शाबास रे वाघा!"

वर्गातली सगळी डोकी वर आली.

एरनने मास्तरांकडे बघितलं. मग मान वळवून ओस्नातकडे बघितलं, कारण मास्तरांच्या मुलखाची भाषा जाणणारी वर्गात ती एकटीच.

"काय म्हणतोय तो?" एरनने विचारलं. हिब्रूत अहो-जाहो नाही. तिथे मास्तरही 'तू' आणि मुख्याध्यापकही 'तू'. मास्तरांना त्याची आता सवय झाली होती.

ओस्नातने जरा विचार केला. फार नाही. "ऐकलं नाहीस?" ती म्हणाली. "शाबेस म्हणाला."

एरनने दप्तर भरलं, उभा राहिला आणि शुक्रवारी निरोप घेताना म्हणतात तसं अदबीने म्हणाला, "शब्बात शालोम, मोरे." आणि तो दाराने निघून गेला. दाराने!

मास्तर "अरे—" म्हणणार होते, पण त्यांना नुरीतबाई आठवल्या. अडवू नका, विचारू नका. मोकळी हवा! रविवारी 'शब्बात शालोम' म्हटल्याचं त्यांना किंचित नवल वाटलं, पण ते स्वतःशी म्हणाले, या देशात शब्बातचं प्रेमच मोठं. आधीपासून म्हणून ठेवत असतील.

आपलं आपण परत येईल, असं नुरीतबाई म्हणाल्या होत्या, आणि एरन खरंच परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी. पद्धत लागू पडली, मास्तरांनी मनाशी नोंद केली. जरा सावकाश लागू पडते इतकंच.

त्यानंतर चौथीच्या वर्गात जे घडलं ते शाळेत कोणी पाहिलं नव्हतं. मुलं गणितं करायला लागली! नुसती करायला नव्हे, तुटून पडली. फळ्यावर गणित उतरलं की माना खाली. वही फाडून बाण करायचा नाही, कारण वही लागते. शेजाऱ्याला चिमटा काढायचा नाही, कारण वेळ जातो. खुर्चीचा चौथा पाय परत आला. सरडाही त्याच्या घरी गेला असावा. पटापट बरोबर उत्तरं, पटापट "शाबास!", पटापट "शब्बात शालोम, मोरे!" तास संपायच्या आधी पाच-दहा मिनिटं वर्ग रिकामा होई. शेवटचाच तास असल्यामुळे ते कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. घरी मास्तर डिनाबाईंना सांगत, "ओस्नातने आज व्याजाचं गणित सोडवलं! मी शिकवलंही नव्हतं गं!"

"तिची आई तर म्हणते, कार्टी घरी पुस्तकाला हात लावत नाही."

"घर कच्चं असलं तर शाळा काय करणार?" मास्तर म्हणाले. माणसाला यश आलं की तो असं बोलतो.

गर्शोनसाहेब एकदा व्हरांड्यातून जाताना थबकले. चौथीच्या वर्गातून आवाज येत नव्हता. ते दार ढकलून आत घुसले, तर सगळी मुलं जिवंत, आणि लिहीत होती! साहेब डोळे चोळत परत गेले आणि त्यांनी बीरशेबाला इन्स्पेक्टरबाईंना फोन लावला. "या. बघून जा. पुन्हा दिसेल न दिसेल!"

बाईंनी मंगळवार दिला.

आता साहेबांनी एक शहाणपणा केला, आणि सगळा घोटाळा त्या शहाणपणामुळे झाला. शेवटच्या तासाला मुलं दमलेली असतात, बाईंना ताजी मुलं दाखवू, असं म्हणून त्यांनी मंगळवारचा गणिताचा तास उचलला आणि पहिला ठेवला. सकाळी आठला!

मंगळवारी मास्तर मुंबईहून आणलेला टाय लावून निघाले. डिनाबाईंनी दारातून हाक मारली, "आज नोकरीचं काय ते ठरेल ना हो?"

"ठरलंच समज. तू पोहे भिजव."

"पोहे भिजवते. पण तुम्ही तोंड सांभाळा."

आठ वाजले. इन्स्पेक्टरबाईंची मोटर वाटेत उंट आडवे आल्यामुळे अडकली होती. मास्तरांनी विचार केला, तोवर मुलांना जरा तापवून ठेवू. फळ्यावर पाच गणितं घातली. मुलांनी फळ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. सकाळचे आठ! आणि पुढचा अख्खा दिवस! त्या वर्गाने त्या दिवशी जशी गणितं केली, तशी बँकेतही होत नसतील. मास्तर वह्यांवरून नजर फिरवत गेले. बरोबर. बरोबर. हेही बरोबर! शेवटच्या बाकापर्यंत पोचेस्तोवर तीन वर्षांची टेंपररी त्यांच्या डोळ्यांत जमा झाली. ते फळ्यापाशी गेले, दोन्ही हात वर केले आणि पोटातून, अगदी बेंबीच्या देठापासून म्हणाले,

"शाबास! सगळ्यांना शाबास!"

पंधराव्या मिनिटाला इन्स्पेक्टरबाई, गर्शोनसाहेब आणि नुरीतबाई वर्गात शिरले. मास्तर हात मागे बांधून, टाय नीट करून, रिकाम्या बाकांसमोर प्रसन्न मुद्रेने उभे होते.

"वर्ग कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"बाहेर गेलाय," मास्तर म्हणाले. "मोकळ्या हवेला. नुरीतबाईंची पद्धत आहे. आपली आपण येतात परत."

इन्स्पेक्टरबाईंनी नुरीतबाईंकडे बघितलं. नुरीतबाईंनी झोळीत बघितलं.

"कधी येतात?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

"बहुधा उद्या सकाळी."

साहेबांनी मास्तरांच्या टायकडे असं बघितलं की मास्तरांनी तो आपणहून सैल केला.

इकडे गावात निराळीच गंमत. म्हणजे तेव्हा ती कोणाला गंमत वाटली नाही. मागची लढाई होऊन दोन-अडीच वर्षंच झाली होती. शाळेतली मुलं भलत्या वेळी घरी आली की डिमोनातल्या बायका कारण विचारत बसत नसत. त्या आधी साखर आणत. त्या मंगळवारी सकाळी साडेआठला चौथीची अख्खी फौज हसत-खिदळत घरी पोचली, तशी रांग किराण्याच्या दुकानाच्या दारापासून दवाखान्यापर्यंत गेली. कोणी तेल उचललं, कोणी काड्यापेट्या. कोणीतरी बॉम्बपासून लपायच्या तळघराचं कुलूप काढलं आणि आत ठेवलेल्या जुन्या सायकली बाहेर फेकायला सुरुवात केली. डिनाबाई पोहे तसेच टाकून पिशवी घेऊन धावल्या. मलकाबाईंनी ओस्नातला जिन्यातच गाठलं.

"काय गं? शाळा का सुटली? भोंगा झाला का?"

"शब्बात आहे," ओस्नात म्हणाली.

"आज? मंगळवारी?"

"मास्तर म्हणाले."

मलकाबाई गार पडल्या. दुसरं कोणी म्हणालं असतं तर त्यांनी कानाखाली आवाज काढला असता. पण बिन्यामिन मास्तर! सिनेगॉगमध्ये प्रार्थना सांगणारा, शब्बातला काडीही न ओढणारा माणूस! शेजारच्या मोरोक्कोच्या म्हाताऱ्या मझलबाईंनी ते ऐकलं आणि स्टोव्ह पेटवायला काढलेली काडी मुकाट्याने परत पेटीत ठेवली. चूक झाली तर आमटी कच्ची राहील, पण पाप नको.

पण मलकाबाईंचा जीव राहीना. त्यांनी ओस्नातचा दंड धरला आणि शाळेची वाट धरली. मागोमाग मझलबाई निघाल्या, वाटेत पाच-सहा आया आपापली पोरं ओढत मिळाल्या, आणि डिनाबाईही, दोन्ही हातांत साखरेच्या पिशव्या. हे सगळं वऱ्हाड चौथीच्या वर्गात शिरलं तेव्हा साहेब मास्तरांची चौकशी करत होते.

"मास्तर!" मलकाबाई दारातूनच मराठीत ओरडल्या. "लढाई लागली का हो?"

"अजून नाही," मास्तर साहेबांकडे बघत म्हणाले.

मग एकच गलका! शेवटी इन्स्पेक्टरबाईंनी टेबलावर डस्टर आपटलं आणि एरनला पुढे बोलावलं.

"तुम्हाला घरी कोणी पाठवलं?"

"मोरेने. तो म्हणाला, शाबेस."

गर्शोनसाहेबांचा चेहरा बिटासारखा झाला. "शाबेस? माझ्या शाळेत शाबेस फक्त मी म्हणतो! शुक्रवारी! बिन्यामिन, तू म्हणालास?"

"म्हणालो."

"मंगळवारी?"

"मंगळवारी. सोमवारी. रोजच म्हणतो. सगळ्यांना म्हणतो."

"कबूल करतोस?"

"त्यात नाकबूल काय करायचं साहेब? चांगलं काम केलं की म्हणायलाच हवं! आमच्याकडे तर बैलालासुद्धा म्हणतात!"

"बैलाला? शब्बात?" इन्स्पेक्टरबाईंनी चष्मा काढला.

"शब्बात नव्हे बाई, शाबास!"

"तेच तर मी म्हणतोय, शाबेस!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले.

"शाबास!"

"शाबेस!"

दोघं बराच वेळ एकमेकांची पाठ थोपटल्यासारखे एकच शब्द एकमेकांच्या तोंडावर मारत राहिले. आयांना वाटलं, प्रार्थना चाललीय. मझलबाईंनी शेवटी "आमेन" म्हटलं. तेवढ्यात नुरीतबाईंच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी मास्तरांना विचारलं, "तुझ्या भाषेत त्याचा अर्थ काय?"

"कौतुक! कोल हाकावोद!" मास्तर काकुळतीला आले. ज्या दोन शब्दांनी सगळं वाचलं असतं, ते आता घशातून आले काय आणि पोटातून आले काय! डोळ्यांपुढे कापडाची गिरणी धडधडायला लागली. "तुम्हीच म्हणालात ना, मनापासून करा? माझं मन मराठीत आहे, मी काय करू?"

सगळ्यांच्या माना हळूहळू एका दिशेला वळल्या. ओस्नातच्या. मलकाबाईंचा हात आपोआप वर गेला.

"कार्टे! तुला मराठी येत नाही? शाबास म्हणजे काय ते तुला ठाऊक नव्हतं?"

ओस्नातने एरवी हिब्रूत उत्तर दिलं असतं. या वेळी ती मराठीत बोलली, स्वच्छ, आईला कळेल अशा मराठीत.

"मला कसं ठाऊक असणार? घरी मला कोण म्हणतं?"

मलकाबाईंचा हात वरच राहिला. मग तो खाली आला, पण कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तो आपल्याच कपाळाला लावला. पोर लबाड होती, यात वाद नाही. अर्थ तिला पक्का ठाऊक असणार, याबद्दल आजही डिमोनात पैज लावायला माणसं तयार आहेत. पण बोलली ते खोटं नव्हतं, आणि ते मलकाबाईंइतकं चांगलं कोणालाच माहीत नव्हतं. मास्तरांनाही वाईट वाटलं. डोक्यावरच राहणारी मुलगी, आणि तिला आजवर त्यांनी जिन्यात "हळू उतर गं!" याखेरीज काही म्हटलं नव्हतं.

"काय म्हणाली ती?" इन्स्पेक्टरबाईंनी विचारलं.

मास्तरांनी भाषांतर केलं. नुरीतबाईंनी झोळीतून रुमाल काढला. इन्स्पेक्टरबाई पुढे आल्या. त्यांनी मुलांना बाकांवर बसवलं, स्वतः खडू घेतला आणि फळ्यावर गणित घातलं. साधंसुधं नव्हे, चांगलं सहावीचं, हौदाचं, दोन नळ सोडणारं आणि एक गळणारं! डिनाबाईंनी साखरेच्या पिशव्या छातीशी धरल्या आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं.

माना खाली गेल्या. खरखर, खरखर. सवय लागलेली होती, ती काय एका सकाळीत जाते? बाई बाकांमधून फिरल्या. ओस्नातची वही त्यांनी दोनदा पाहिली. मग साहेबांना बाजूला घेऊन त्या हळू आवाजात काहीतरी बोलल्या. मास्तरांना फक्त शेवटचं ऐकू आलं, "आणि मोठ्या माणसांचंही त्याच क्षणी, त्याच जागी कौतुक करायचं असतं, गर्शोन. त्यांच्या भाषेत."

गर्शोनसाहेब मास्तरांसमोर येऊन उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कोणाचं तोंडावर कौतुक केलं नव्हतं, त्यामुळे चेहरा दात दुखत असल्यासारखा झाला होता. त्यांनी मास्तरांच्या पाठीत एक जबरदस्त धपाटा घातला आणि छाती भरून, शुक्रवारच्या आवाजात ओरडले,

"शाऽऽबेस, बिन्यामिन!"

मास्तर ताठ झाले. त्यांनी साहेबांकडे बघितलं. टाय काढून खिशात घातला. पिशवी काखोटीला मारली. "शब्बात शालोम, साहेब," ते म्हणाले आणि दाराने निघून गेले.

जिना चढून ते घरी आले आणि चोरासारखे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहिले. मागोमाग डिनाबाई धापा टाकत पोचल्या. आया वर्गात गलका करत होत्या, त्यात नवरा कधी सटकला ते त्यांना कळलंच नव्हतं.

"अहो, निघून काय आलात? नोकरी पक्की झाली की गेली?"

"शाबेस म्हणाले."

"म्हणजे शाबास की शब्बात?"

"तेच कळलं नाही गं!"

डिनाबाईंनी चहा टाकला. साखर भरपूर होती, आता काही महिने ती भरपूरच राहणार होती. चहाला दोघांनीही तोंड लावलं नाही. मास्तर मनातल्या मनात गिरणीच्या वाटेचं अंतर मोजत होते. भिजून भिजून पोह्यांचा लगदा झाला, पण तो टाकायचा की मलिद्याला ठेवायचा, ते विचारायची डिनाबाईंची छाती होईना.

दुपारी शाळा सुटली. वरच्या मजल्यावर मलकाबाईंनी ओस्नातला अभ्यासाला बसवल्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने दार धडधड वाजलं. दारात गर्शोनसाहेब! घामाघूम, एका हातात कागद, दुसऱ्या हातात पेन.

"बिन्यामिन! पळालास कुठे? इन्स्पेक्टरबाईंनी तुला पर्मनंट केलं आणि सही करायला माणूसच नाही!"

"तुम्हीच शाबेस म्हणालात."

"मी शाबास म्हणालो! तुझ्या भाषेत! दोनदा घोकून म्हणालो!"

डिनाबाई आत धावल्या, बहुधा पोह्यांकडे. मास्तर पुढे झाले. त्यांनी पेन हातात घेतलं, कागद दाराच्या चौकटीवर टेकवला. नेमक्या त्याच वेळी वरून मलकाबाईंचा आवाज आला. सवय नसल्यामुळे जरा अवघडलेला, पण अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल एवढा.

"शाबास गं बाय माझी! शाबास!"

मग वर वही मिटल्याचा आवाज, दप्तर पडल्याचा आवाज, आणि जिन्यावरून दाणदाण पावलं. ओस्नात खाली आली. साहेबांच्या बगलेखालून निसटताना तिने चौकटीवरचा कागद पाहिला, मास्तरांच्या हातातलं पेन पाहिलं आणि क्षणभर थांबली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "शब्बातला लिहायचं नसतं हं!"

आणि ती खेळायला गेली. मास्तरांनी इकडे-तिकडे बघितलं आणि पटकन सही करून टाकली.